जनार्दनचा पक्का रिपोर्ट

माझी शेवटची पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात, लष्कराच्या फिल्ड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मी हवालदार, लॅब टेक्निशियन. गाव रोहा. सकाळी सातला सॅम्पल घ्यायची, अकराला रिपोर्ट मेडिकल ऑफिसरच्या टेबलावर ठेवायचे.

नाईक जनार्दन म्हात्रे ड्रायव्हर होता, पेणच्या खाडीकडचा. त्या ठाण्यावर आम्ही दोघेच रायगडचे. मलेरियातून उठल्यावर बढतीच्या कोर्सच्या मेडिकलसाठी त्याचं रक्त आलं. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची पहिली चाचणी, रिअ‍ॅक्टिव्ह निघाली. मलेरियानंतर ही चाचणी कधी कधी फसवते. म्हणून पक्क्या चाचणीसाठी सॅम्पल बेस हॉस्पिटलला जातं. हे मला पाठ होतं.

डॉक्टरांच्या आधी मीच त्याला सांगितलं. गाववाला म्हणून.

"मी कुठं गेलेलो नाय, दादा. आईशप्पथ."

"पक्का रिपोर्ट यायचाय."

"पण तुला काय वाटतं?"

मी ट्यूबला लेबल लावत होतो. मान वर केली नाही.

"रक्त खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

दहा तारखेपासून त्याची सुट्टी होती. बायकोला, सुनंदाला, सातवा महिना होता. त्याने सुट्टी रद्द करून घेतली. म्हणाला, "रिपोर्ट आल्याबिगर तिच्यासमोर उभा नाय राहणार."

बारा तारखेला सकाळी सात चाळीसला रेडिओवर गाड्यांच्या कॉन्व्हॉयचा मेसेज आला.

"एक गाडी दरीत. तीन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"ड्रायव्हर कोण? ओव्हर."

"म्हात्रे. नो मोर. ओव्हर."

तिघांनाही आमच्याकडेच आणलं. ओळख मी पटवली.

पंधराला बेस हॉस्पिटलचा रिपोर्ट आला. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मग उरलेली सॅम्पल करायला बसलो.

पेन्शनवर आल्यावर पेणला गेलो. रामवाडी स्टँडवरून जोहे गावाची एसटी धरली. सुनंदा तिथे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मुलगी दीड वर्षाची झाली होती, तिच्या पदराला धरून उभी होती.

"ते सुट्टी मिळून का नाय आले ओ?" सुनंदाने विचारलं. "माझ्यावर राग होता काय?"

मी सगळं सांगितलं. मी काय बोललो होतो, तेही.

तिने मुलीला उचलून घेतलं.

"एक फोन मला करायचा होतात," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं, ते तसे नायत."



नाईक जनार्दन म्हात्रे. वय एकतीस. त्याला कसलाही आजार नव्हता.