चष्मा लावायच्या आत

संगणकावर एखादं पान उघडायला वेळ लागला की ताई खुर्ची मागे ढकलून उभ्या राहायच्या. बसून वाट बघणं त्यांना जमायचंच नाही. कमरेवर हात ठेवून पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे त्या अशा बघायच्या, जणू ते कामावर उशिरा आलं आहे. मग म्हणायच्या, "समोरच्याला दुसरी कामं असतात रं!"

असं घाईचं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण ताईंची घाई स्वतःसाठी कमी आणि त्या न दिसणाऱ्या 'समोरच्या'साठी जास्त असायची. ताई कर्जत तालुक्यातल्या पोशीर गावच्या. घरची भातशेती सांभाळून त्या रोज स्कूटीवरून दहिवलीला आमच्या ऑफिसात यायच्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दुसऱ्याचं वाक्य त्या स्वतःच पूर्ण करून टाकायच्या, तेही बहुतेक वेळा चुकीचं. "असं नाय म्हणायचं होतं? मग लवकर बोलायचं ना!"

आमचं ऑफिस म्हणजे मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मुंबईच्या एका संस्थेची वेबसाइट आम्ही चालवायचो. शाळांना फुकट वापरता येतील अशा हजारो सॉफ्टवेअरची ती मराठी सूची होती. टायपिंग शिकवणारी, चित्रं काढायची, गणिताची, नकाशांची, नाना तऱ्हेची. प्रत्येकाची माहिती लिहायचं काम माझं आणि सगळ्या साइटची जबाबदारी ताईंची.

सूची वाढली तशी साइट जड झाली. 'गणित' दाबलं की गणिताची झाडून सगळी सॉफ्टवेअर एकाच पानावर यायची. सोबत त्यांची लांबलचक माहिती, मोठाली चित्रं, जुन्या आवृत्त्या, लोकांचे अभिप्राय. संस्थेने मध्यंतरी मोठा सर्व्हर घेऊन दिला, तरी फरक पडला नाही. शेवटी निरोप आला : साइट फारसं कोणी वापरत नाही, तेव्हा बंद करायचा विचार आहे.

आमच्याकडे दुसरं मोठं काम नव्हतं. साइट गेली की ऑफिसही जाणार, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. ऑफिसचे प्रमुख असलेल्या साहेबांनी तो निरोप पुन्हा एकदा मोठ्याने वाचला.

"वापरत नायत असं नाय, साहेब," ताई म्हणाल्या. "उघडत नाय. उघडलं तर वापरतील ना!"

"अहो, एवढा मोठा सर्व्हर घेतला की."

"सर्व्हर कितीबी मोठा घ्या, समोरच्याच्या फोनवर वझं तेवढंच जातंय. वझं कमी करू. पानं लहान करू."

दुसऱ्या दिवसापासून साफसफाई सुरू झाली. हलणाऱ्या पाट्या गेल्या, बाहेरून आणून चिकटवलेली शोभेची बटणं गेली. प्रत्येक वस्तू काढताना ताई तिला पाहुण्यासारखा निरोप द्यायच्या, "या आता, लय दिवस राहिलात!" एका लांबलचक पानाची अनेक छोटी पानं झाली. चित्रं बारीक केली, आणि खाली सरकत जाल तेव्हाच ती उमटतील अशी सोय केली. मग पाळी आली माझ्या मजकुराची. यादीत नाव, एक ओळ आणि सॉफ्टवेअर किती जागा खातं तो आकडा, एवढंच ठेवायचं असं ठरलं.

मला ते लागलं. एकेक परिच्छेद मी मन लावून लिहिला होता. त्या दुपारी मी डबा घेऊन जिन्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने ताई आल्या, शेजारच्या पायरीवर बसल्या आणि न विचारता माझ्या डब्यात वालाचं बिरडं वाढलं.

"तुझं लिवलेलं पुसत नाय रं. आतल्या पानावर ठेवतेय. ज्याला वाचायचंय तो आत येऊन निवांत वाचेल. दारातच सगळं ऐकवत बसलो तर मानूस घरात येईल का?"

 मी बिरडं संपवलं. संध्याकाळपर्यंत मी स्वतःच एका ओळीत माहिती लिहायला बसलो होतो, आणि एका ओळीत लिहिणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं.

नवीन पानं तपासायला ताईंनी चकचकीत फोन घेतला नाही. सासूबाईंचा जुना, काचेला तडा गेलेला फोन त्या घेऊन आल्या. दर दुपारी शेजारणीच्या फोनवरून सासूबाई ऑफिसात विचारायच्या, "माझा फोन कधी देतेस गं? बहिनीला लावायचाय." ताई म्हणायच्या, "आई, तुमचा फोन नोकरीला लागलाय!"

काम झालं. साइट आता उघडते, हे संस्थेला पटवून द्यायचं होतं. ताईंनी संस्थेच्या विश्वस्तांना सांगितलं की बंद करायचं तर खुशाल करा, पण आधी एकदा इथे या. आणि ऑफिसात नको, शाळेत या. शाळा निवडली ती खालापूरकडची, डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतली. साइट उघडत नाही म्हणून तिथल्या गुरुजींनी आम्हाला सगळ्यात जास्त फोन केले होते. तिथे नेटवर्क येतं ते वर्गाच्या एकाच खिडकीपाशी. साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, निदान कर्जतमधली तरी शाळा बघायची!"

"कर्जतमध्ये उघडलं तर त्यात काय मोठं?"

विश्वस्त वयस्कर, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांच्या बांधावरून ते चालत शाळेत आले. गुरुजींनी खिडकीत लॅपटॉप मांडून ठेवला होता. विश्वस्तांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मी माझ्या फोनवर बघतो," ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. हे ठरलेलं नव्हतं. विश्वस्त खिडकीपाशी गेले, 'टायपिंग'वर बोट टेकवलं आणि खिशातून चष्मा काढायला लागले. ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. चष्मा डोळ्यांवर जायच्या आत पान उघडलं.

"हे आधीच उघडून ठेवलं होतं का?" त्यांनी संशयाने विचारलं.

"फोन तुमचा हाय, साहेब!" ताई म्हणाल्या.

त्यांनी 'नकाशे' दाबलं. उघडलं. 'गणित' दाबलं. तेही उघडलं. मग माझी एक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, पुढचं पान उघडलं, त्यानंतरचं उघडलं, आणि ते पहिल्यांदाच हसले. तोवर गुरुजींनी जागेचा आकडा बघून टायपिंगचं सगळ्यात हलकं सॉफ्टवेअर निवडलं आणि लॅपटॉपवर उतरवायला घेतलं होतं. ते सुरू झालं, पडद्यावर मोठा 'अ' उमटला आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या ताईंच्या होत्या. साहेब बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

साइट वाचली. ऑफिसही वाचलं. विश्वस्तांनी मात्र आमच्याकडून ताई नेल्या. संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून चालणाऱ्या सगळ्या साइट अशाच हलक्या करायच्या होत्या. निघायच्या दिवशी ताईंनी भाषण करायला साफ नकार दिला, सगळ्यांना पेढे भरवले आणि जिना उतरताना आमच्याकडे वळून न बघता डोळ्यांना पदर लावला.

परवा मी त्या वाडीवरच्या शाळेत गेलो होतो. मुलं आता आपल्या बोलीतल्या गोष्टी टाइप करतात. छापलेले कागद भिंतीवर लावलेले आहेत. मी खिडकीपाशी जाऊन ताईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. एका मुलीने आपली गोष्ट त्यांना वाचून दाखवली. डोंगरावर करांदे, म्हणजे रानातले कंद, खणायला गेलेल्या आजीची गोष्ट होती. ताईंनी पहिलं वाक्य तिच्या मागून तसंच म्हणून बघितलं. एक शब्द त्यांना काही केल्या जमेना. वर्गाने एका सुरात तो दुरुस्त केला. ताईंनी पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला, आणि त्या अशा हसल्या की मला फोन लांब धरावा लागला. मुलं उठून खिडकीशी गोळा झाली आणि तो शब्द त्यांना सावकाश, एकेक अक्षर सोडवून शिकवायला लागली.