काकांचा पांढरा बोकड

मी आयुष्यात माशी सोडून काही मारलेलं नाही, आणि तीही बहुतेक वेळा हुकते. तरीही २००६ च्या सप्टेंबरात कोलोरॅडोच्या एका डोंगरावर, झाडं संपतात त्याच्याही बऱ्याच वर, मी चार दिवस पोटावर सरपटत होतो. माझ्या पुढे सरपटणाऱ्या माणसाच्या हातात धनुष्यबाण होता. हे कसं घडलं ते अजून आमच्या नातेवाइकांना नीट समजावता आलेलं नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

न्यू जर्सीतली नोकरी गेली तेव्हा व्हिसाचे दिवस मोजत बसण्यापेक्षा पहिली मिळेल ती ऑफर घेतली. ती निघाली डेन्व्हरजवळच्या एका गावातली. न्यू जर्सीत, आयसेलिनच्या देशी वस्तीत, कढीपत्ता पायी जाऊन आणता यायचा. इथे खिडकीतून डोंगर दिसायचे, आणि बायकोचं म्हणणं असं की फक्त डोंगरच दिसायचे. पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारापुढचा बर्फ कोणीतरी न सांगता काढून जायचं. तिसऱ्या खेपेला मी चोर पकडला. शेजारचे सत्तरीला टेकलेले गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकटेच राहायचे. माझी बायको त्यांना 'काका' म्हणायला लागली. काका म्हणजे काय हे कळल्यावर ते इतके खूश झाले की फोनवरही 'धिस इज काका' असं सांगायला लागले.

काकांच्या मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यांची भिंत रचलेली होती. रोज संध्याकाळी ते तिच्यावर बाण मारायचे. मी आधी कुंपणापलीकडून बघायचो, मग अलीकडे आलो, मग एक दिवस माझ्या हातात धनुष्य आलं. दोन्ही टोकांना छोट्या कप्प्या असलेलं, ओढताना जड आणि पूर्ण ओढल्यावर अचानक हलकं होणारं. अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं, मग बोट हलवायचं, एवढंच काकांनी शिकवलं. बाण सुटल्यावर क्षणभर डोक्यात काहीच उरायचं नाही. ऑफिसातले ईमेल, ग्रीन कार्डचा अर्ज, घराचा हप्ता, सगळं कुठेतरी लांब जाऊन बसायचं. मला त्या क्षणाची चटकच लागली. गवताच्या गठ्ठ्यांचा मी चांगला शिकारी झालो.

काकांची मात्र आयुष्यात एकच शिकार राहिली होती. पहाडी बोकड. पांढराशुभ्र, लांब केसांचा, दाढीवाला, आखूड काळी शिंगं, आणि राहायला अशा जागी जिथे उभं राहायलाही आपल्याला हात टेकावे लागतील. त्याचा परवाना चिठ्ठ्या टाकून देतात. काका चौदा वर्षं अर्ज करत होते आणि चौदा वर्षं दुसऱ्याच कोणाचीतरी चिठ्ठी निघत होती. एकदा मिळाला की पुन्हा कधीच मिळत नाही, असा तिथला नियम. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो लिफाफा आला. आणि त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा तर गेल्यातच जमा आहे, उजव्याचंही फार दिवसांचं खरं नाही. पुढच्या वर्षी गाडीसुद्धा चालवता येणार नव्हती.

काका दोन्ही बातम्या एकदमच घेऊन आमच्याकडे आले. पोह्यांची बशी पुढे होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

"धनुष्य मी ओढेन," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितोय. "पण अंतर मला कळत नाही आता. बाणाला अंतर अचूक लागतं. मला डोळे हवेत. तुझे."

ते गेल्यावर बायकोने पोह्यांवर झाकण ठेवलं. "अरे, तू चिकनच्या काउंटरसमोरून नाक दाबून जातोस. तू कसला शिकारीला जातोस?"

"मी फक्त नंबर सांगणार आहे गं. किती यार्ड, एवढंच."

"नंबर सांगणारा पण पार्टनरच असतो यार," ती म्हणाली. पण निघायच्या दिवशी तिने दुधातल्या दशम्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या सॅकमध्ये कोंबला. वर काकांसाठी वेगळा डबा, कमी तिखटाचा.

खरं तर आम्ही आणखी आधी जायला हवं होतं. पण माझ्या प्रोजेक्टचं काम संपेना, मॅनेजर रजा देईना, आणि काका एकटे जाऊ शकत नव्हते. परवान्याची मुदत रविवारी संपत होती. आम्ही गुरुवारी वर पोचलो, एका छोट्या तळ्याकाठी तंबू लावला.

तिथल्या दिवसांबद्दल सांगायचं तर मला ते सलग आठवतच नाहीत. हवा इतकी विरळ की विचारही उशिरा पोचायचे. ढग आमच्या पायांखालून जात. दगडांच्या फटीतून घुशीएवढी-मांजराएवढी जनावरं शीळ घालायची, आणि शीळ थांबली की आपण आत्ता जागे होतो की झोपलेलो होतो तेच कळायचं नाही. दुपारी दगडाला टेकून आम्ही दोघं डुलक्या काढायचो. माझ्याकडे अंतर मोजायची छोटी दुर्बीण होती, बटण दाबलं की आतमध्ये आकडा दिसायचा. चाळाच लागला मला. तो सुळका नव्वद. ते गवत अठ्ठावीस. काकांचा उताणा पडलेला बूट चार. एकदा ढगावर लावून बघितली तर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या. मी काकांना तसं सांगितलं. ते डोळे न उघडता हसले आणि म्हणाले की मग तो आपल्या टप्प्याबाहेर आहे.

शनिवारी सकाळी बोकड दिसला. करड्या-काळ्या कड्यावर एक सपाट पायरी होती, तिच्यावर एकटाच बसला होता. काका कितीतरी वेळ मोठ्या दुर्बिणीला उजवा डोळा लावून बसले.

"दिसतोय," ते म्हणाले. "काळ्या दगडावर पांढरा. मला दिसतोय रे." पोस्टमनच्या नोकरीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या माणसाला शेवटी स्वतःच्या नावाचं पत्र यावं, तसा आवाज होता.

बोकड नेहमी खाली बघतात, धोका खालून येतो अशी त्यांची समजूत असते. म्हणून वरून जायचं. डोंगराला मागून वळसा घालायला आम्हाला पाच तास लागले. काका दर वीस पावलांना थांबत आणि मी दर दहा. शेवटच्या शंभर यार्डांना आम्ही बूट काढले आणि मोज्यांवर, मग गुडघ्यांवर, मग पोटावर सरकत कड्याच्या तोंडाशी आलो. काका पुढे, मी एक हात मागे. मी मान उचलली. बोकड खाली होता, हनुवटी गुडघ्यावर ठेवून झोपलेला. वाऱ्याने त्याच्या पाठीवरचे केस इकडून तिकडे पडत होते. मी दुर्बीण लावली आणि पुटपुटलो, "चौतीस."

काकांनी बाण दोरीला लावला. इतक्या सावकाश की मला वाटलं ते पण झोपेत आहेत. ते एका गुडघ्यावर यायला लागले. माझ्या डाव्या पायाला कधीच्या मुंग्या आल्या होत्या. मी कुशीवर वळून तो जरासा पुढे लांब केला, आणि माझा पाय काकांच्या पाठीला लागला.

हलकाच लागला. त्यांनी वळूनही बघितलं नाही. तिथेच संपायला हवं होतं. पण पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईने मला इतक्या लहानपणी लावलेलं आहे की त्यात माझं काही चालत नाही. पुस्तकाला लागला, करायचा. माणसाला लागला, करायचा. वडीलधाऱ्या माणसाला लागला तर विचारायलाच नको. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, काकांच्या पाठीला टेकला आणि तिथून उचलून माझ्या कपाळाला लागला. त्या हातात दुर्बीण होती. तिच्या काचेवर ऊन पडलं.

बोकडाने डोळा उघडला. काकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग उठला, झोपेतून उठल्यावर झटकतात तसं अंग झटकलं, आणि जिथे पाय ठेवायला जागा नाही अशी मी शपथ घेतली असती तिथे पाय ठेवून कड्याआड गेला. घाईसुद्धा केली नाही त्याने.

"वारा फिरला?" काकांनी विचारलं.

मी हो म्हणालो. बूट घालून आम्ही उतरायला लागलो. अर्ध्या उतारावर मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं.

"माझ्या पाठीला तुझा पाय लागला, म्हणून?"

"हो."

"मी काही तक्रार केली होती?"

"तक्रारीचा प्रश्न नाही काका. ते आपोआप होतं."

"चौदा वर्षं," काका म्हणाले, आणि तंबूच्या दिशेने उतरत राहिले. त्यांच्या डब्यातल्या दशम्या तशाच राहिल्या. मला माझाच इतका राग आला होता की तो पुरेना म्हणून मी पुण्यात बसलेल्या आईवरही थोडा काढला. तिचा बिचारीचा काय दोष?

रविवारी सकाळी उठलो तर तंबूचं छत नाकाला लागत होतं. बर्फ पडला होता. काका बाहेर बसले होते. त्यांनी कॉफीचा मग माझ्यापुढे धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. राग गेला नव्हता, नुसता बाजूला ठेवला होता. बर्फात पावलं उमटलेली होती, त्यामुळे या खेपेला शोधायला अवघड गेलं नाही. दुपारी आम्ही पुन्हा एका कड्याच्या तोंडाशी आडवे होतो. खाली बर्फाने भरलेली पायरी आणि तिच्यावर तोच बोकड, आम्हाला आडवा बसलेला. ढग निघून गेले होते, ऊन लख्ख पडलं होतं. मी दोन्ही पाय पोटाशी घट्ट धरून ठेवले होते.

"अडतीस," मी पुटपुटलो.

काकांनी धनुष्य ओढलं. थांबले. मी श्वास अर्धा सोडून वाट बघत होतो, जणू बाण मलाच सोडायचा होता. काका थांबूनच राहिले. त्यांचा कोपर थरथरायला लागला. मग त्यांनी दोरी हळूहळू परत सोडली, बाण तसाच.

"कुठे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"समोरच. डावीकडच्या दगडापासून दोन हात."

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तसंच थांबले, पुन्हा दोरी परत घेतली.

"सगळंच पांढरं आहे," काका म्हणाले. "बोकड कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो, ते मला दिसत नाही."

"मी सांगतो ना काका. थोडं डावीकडे, थोडं खाली, मी सांगतो. तुम्ही फक्त सोडा."

"तू बरोबरच सांगशील. पण हातभर चुकलं आणि पोटात लागला, तर ते जनावर तीन दिवस मरत राहील. आणि ते मला दिसणारही नाही." त्यांनी बाण दोरीवरून काढला आणि भात्यात ठेवला.

"काल दिसत होता तुम्हाला," मी म्हणालो.

"काल दिसत होता," काका म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं, उघड सांगतो. त्या विरळ हवेत रडायलाही नीट येत नाही, धाप लागते. काकांना ते ऐकू आलं असणार. त्यांनी धनुष्य बर्फावर आडवं ठेवलं, पाठीवर वळले, आणि तोंडावर ऊन घेत डोळे मिटून घेतले.

"सांग," ते म्हणाले. "कसा आहे?"

मी डोळे पुसले आणि सांगायला लागलो. शिंगं काळी, वीतभर, मागे वळलेली. मानेवरचे केस पिवळट पडलेत, वर्षानुवर्षं धुतलेल्या स्वेटरसारखे. दाढीला बर्फाचे मणी आहेत. पुढच्या पायांना आखूड चड्डी घातल्यासारखे झुपके आहेत. काकांना चड्डीचं हसू आलं. मी सांगत होतो तेवढ्यात बोकड उठला. त्याने पाठ ताणली, वर चढत गेला, टोकावर क्षणभर उभा राहिला आणि पलीकडे उतरला. बर्फात कसलाच आवाज झाला नाही. पायरीवर त्याच्या अंगाएवढा खळगा तेवढा राहिला.

"आता काय करतोय?" काकांनी विचारलं.

"बसलाय," मी म्हणालो. "रवंथ करतोय."

मग वाऱ्याने त्याची दाढी कशी हलते ते सांगितलं, कान कसा उडवतो ते सांगितलं. माझ्याजवळचं इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत सांगत राहिलो. काकांनी थांबवलं नाही.