सीतेची मिशी

माझ्या काकाची मिशी गेली ती माझ्यामुळे, आणि तीही आजोबा धडधाकट असताना. आमच्या चामोर्शीकडे माणूस मिशी एकदाच उतरवतो, बाप गेल्यावर. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात जावा बेट शिरलं होतं आणि एकदा बेट शिरलं की बाकी कशाला जागा उरत नाही.

तेव्हा मी शहरात विद्यापीठात इतिहास शिकत होतो. चांदा जिल्ह्यातला, वैनगंगेपलीकडचा मी एकटाच, म्हणून वसतिगृहातली पोरं मला ‘झाडपा’, म्हणजे झाडीतला गावंढळ, म्हणायची. मला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते खानावळीतल्या पोळ्यांचं. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात आणि पाहुणा आला तर मध्ये एकदा पोहे. खानावळीत चार पोळ्या झाल्यावर वाटीभर भात असा वाढायचे की जणू देवाचा प्रसाद.

अशात एके दिवशी विभागाच्या फळ्यावर सूचना लागली. आग्नेय आशिया सप्ताह होणार. जादूच्या कंदिलावर तिकडच्या देवळांची चित्रं, कापडांचं प्रदर्शन, निबंधस्पर्धा, जावाहून येणाऱ्या एका प्राध्यापकांची व्याख्यानं. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: विभागातल्या एका विद्यार्थ्याचं नाव दोन वर्षं जावात शिकण्यासाठी वर पाठवलं जाईल, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च तिकडचा. मी वाचनालयात जाऊन जाडजूड पुस्तक काढलं आणि सगळ्यात आधी तिथले लोक काय खातात ते पाहिलं. भात आणि मासे. झालं. बाकीचा इतिहास तिथे गेल्यावर शिकता आला असता.

विभागप्रमुख आमचे सर विद्वान होते, पण घाईचे. वर्गात म्हणाले, “रामायण तिकडेही आहे, आपल्याकडेही आहे. समारोपाला आपल्या जंगलातलं अस्सल रामायण दाखवायचं. कुणी आणू शकेल का?” डोक्याने विचार करायच्या आत माझा हात वर गेला. आमच्या गावात दंडार होते, म्हणजे धान कापून झाल्यावर गावातलीच माणसं तोंडाला रंग लावून नाटक करतात, आणि त्या मंडळीचा म्होरक्या माझा काका. सर म्हणाले, “जो हे घडवून आणेल, त्याच्या नावाचा मी आधी विचार करीन. वेळ दुपारी चार. चाळीस मिनिटं. सीतेचं काम कोण करतं?”

“माझे काका.”

“मिशी आहे?”

“आहे.” गावात अडत नसे. काका पदर नाकापर्यंत ओढायचा आणि लोक मिशीसकट सीतेला पाहून रडायचे.

“मग काढायला सांगा. परदेशी पाहुण्यांसमोर मिशीवाली सीता नको.”

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘काकाने मिशी काढून यावे, माझ्या जावाला जाण्याचा प्रश्न आहे.’ लाज वाटते मला त्या वाक्याची. आजोबांचं नाव नाही, कसं करता येईल ही विचारपूस नाही. मिशी काढून यावे, जणू चपला काढून यावे.

पुढचं मला काकाने नंतर सांगितलं. तो चामोर्शीच्या बाजारच्या दिवशी न्हाव्यापुढे बसला आणि म्हणाला, “मिशी काढ.” न्हाव्याचा हात थांबला. त्याने काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“कधी गेले म्हातारे?”

“नाई गेले. घरी हायेत. भात खाऊन राह्यले.”

न्हाव्याला वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलं. असं होतं माणसाचं. त्याने डोळे पुसत मिशी उतरवली आणि विचारलं, “डोकं बी करू का?”

“नाई. सीतेले केस लागतेत.”

हे ऐकल्यावर न्हाव्याची खात्रीच पटली.

डोंग्याने नदी ओलांडून, मोटारीने चांद्याला येऊन, पुढे आगगाडीने मंडळी शहरात पोहोचली. सात माणसं, एक मृदंग, एक ट्रंक. काकाला फलाटावर मी ओळखलंच नाही. त्याचा वरचा ओठ इतक्या वर्षांनी उजेडात आला होता आणि तो मळणी केलेल्या खळ्यासारखा दिसत होता. सारखा हात तिकडे जायचा आणि काही सापडलं नाही की परत यायचा. “थंड वाटून राह्यलं बापा,” एवढंच म्हणाला. मी हसलो. तेव्हा खरंच हसू आलं मला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सभागृहात समोरच्या रांगेत एकच माणूस बसला होता, जावाचे प्राध्यापक. बुटके, हसरे, गुडघ्यावर वही. मागे पोरं भरलेली. वेळेवर मृदंग वाजला आणि गणपती आला. आमच्याकडे खेळ गणपतीशिवाय सुरू होत नाही. गणपतीचं काम करणारा तलावावर मासे धरणारा आमचा शेजारी, अंगाने हत्तीच. गोणपाटाची सोंड तणसाने भरलेली. तो नाचून बसतो, मंडळी त्याला लाडू भरवतात, तो आशीर्वाद देतो आणि मग दशरथ येतो. लाडू खरा असतो. देवाला खोटा भरवायचा नाही, असा काकाचा दंडक.

दशरथ आला, दोन ओळी बोलला, आणि दार उघडून आमचे सर घाईघाईने आत शिरले. पडद्याच्या फटीतून काकाने ते पाहिलं. मृदंग थांबला. दशरथ मागे फिरला. गणपती पुन्हा आला.

आता इथे सांगायला हवं. आमच्या गावात खेळ सुरू झाल्यावर मानाचा माणूस उशिरा आला, तर खेळ पुन्हा पहिल्यापासून होतो. अर्धा खेळ दाखवणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं. तिथे हे चालतं, कारण सगळी रात्र आपली असते आणि मानाचा माणूस एकच, पाटील. विद्यापीठात मानाची माणसं पोत्याने होती, आणि त्यातलं एकही वेळेवर येणारं नव्हतं.

गणपतीने दुसरा लाडू खाल्ला. दशरथ आला. दार उघडलं, दुसऱ्या एका विभागाचे प्रमुख. मृदंग थांबला. तिसरा लाडू. मी मागच्या दाराने रंगपटात धावलो. काका पिवळं लुगडं नेसून, बांगड्या भरून, कुंकू लावून उभा. इतकी देखणी सीता आमच्या पंचक्रोशीत झाली नसेल.

“काका, चालू ठेवा ना! चाळीसच मिनिटं आहेत!”

“मान तं द्यावाच लागते.”

“पण मग तुमचं काम येणारच नाही!”

त्याचा हात ओठाकडे गेला. “मले काय समजत नाई का? पण हा कारभार तुह्या मास्तराचा हाय. त्याच्या घरच्या पाहुण्यापुढे मी तुही इज्जत घालवू का?” आणि तो फटीतून पाहू लागला. मला कळेना, याला रागवावं की याच्या पाया पडावं. मी रागावलो, कारण ते सोपं होतं.

या खेपेला दशरथ बराच पुढे गेला. कैकेयी रुसली. राम वनात निघायला वळला. राम निघाला की सीता येणार होती. काकाने पदर सारखा केला, एक पाऊल पुढे टाकलं. आणि सभागृहातली सगळी माणसं खुर्च्या वाजवत उठून उभी राहिली. कुलगुरू आले होते.

काकाने डोळे मिटले. पाऊल मागे घेतलं. “गणपती!” म्हणाला.

गणपती कोपऱ्यात पोट धरून बसला होता. “भाऊ, मले जमत नाई आता.”

“देवा, एवढा एकच.”

चौथा लाडू त्याने रंगमंचावर सोंडेआड लपवायचा प्रयत्न केला, तो सुटून घरंगळत थेट कुलगुरूंच्या बुटापाशी गेला. मागच्या पोरांनी बाकं बडवली. कुलगुरूंनी तो प्रसाद समजून उचलला आणि रुमालात बांधला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली. आभाराचं भाषण सुरू झालं. राम अयोध्येतच राहिला.

सरांनी मला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “चार गणपती दाखवलेत तुम्ही. मी तुमचं नाव पाठवू शकत नाही.” मी मान हलवली. जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. जावा गेलं. भात गेला. आणि मग आठवलं: मिशी गेली, ती कशासाठी?

वर गेलो तर रंगपटात जावाचे प्राध्यापक ट्रंकेवर बसले होते. त्यांना सीता पाहायची होती. मी इंग्रजीत माफी मागितली तर ते म्हणाले, आमच्याकडे रामायणाचा खेळ रात्रभर चालतो, चाळीस मिनिटांत आमचेही दिवे लावून होत नाहीत. मी काकाला सांगितलं. त्याने पाहुण्याकडे नीट पाहिलं, मृदंगवाल्याला खूण केली आणि त्या एका माणसासाठी सीता वनात निघाली. गणपती भिंतीला टेकून झोपला होता. पाहुणे वही मिटून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी काकाला वाकून नमस्कार केला.

त्यामुळे घोटाळा असा झाला की काका खुशीत. परतीच्या सगळ्या वाटेवर तो गणपतीला सांगत होता, “जावाचा माणूस पाया पडला. पोरगा जाते आता.” मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर निघालो होतो, वाटेत सांगू म्हणून. चांद्यापर्यंत सांगितलं नाही. नदीपर्यंत नाही. डोंग्यात तोंड उघडलं, तर काका म्हणाला, “तिकडे धान कोणतं पेरतेत ते लिहून पाठव हो.” मी तोंड मिटलं.

घरी पोहोचलो तर अंगणात ही गर्दी. चामोर्शीच्या न्हाव्याने बाजारात बातमी पसरवली होती. बाहेरगावचे सोयरे गाठोडी घेऊन आले होते, आत्याच्या सासरकडचे तर कडू घासाचा भात शिजवूनच घेऊन आलेले. मेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे रांधून आणतात, तो हा भात. आणि मधोमध खाटेवर आजोबा, एकेका सोयऱ्याला चहा द्यायला लावत बसलेले. काही बाया आजोबांना पाहूनही रडत होत्या, कारण इतक्या लांबून आल्यावर न रडता जायचं कसं.

काका अंगणातच थबकला. पदर नव्हता, म्हणून त्याने उपरण्याने तोंड झाकलं. आजोबांनी त्याला खालून वर पाहिलं.

“मिशी गेली ते गेली. पोरगा जाते का नाई?”

काका माझ्याकडे पाहून हसला. सगळं अंगण माझ्याकडे पाहू लागलं.

“नाही,” मी म्हणालो. “सरांनी तिथेच सांगितलं होतं. माझं नाव जाणार नाही.”

काकाच्या तोंडावरचं उपरणं हळूहळू खाली आलं. तो मला रागावेल, मारेल, काहीतरी करेल असं वाटलं, आणि मनातून मला ते हवं होतं.

आजोबा म्हणाले, “मंग मले मराच लागते आता. नाई तं मिशी फुकट जाईन.”

आधी गणपती हसला, मग सोयरे, मग सगळं अंगण. मी नाही हसलो. काकाही नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, “पुढच्या साली हाय का हे?”

“आहे. दर साली असतं.”

“मंग भर अर्ज.” त्याने ओठावरून बोट फिरवलं. “तोवर येते ते. पुन्हा काढू.”

मला रडू फुटलं, सगळ्या सोयऱ्यांसमोर. त्यांना वाटलं, आजोबांसाठीच. आजोबांनी खाट थोपटून मला जवळ बसवलं आणि माझ्यापुढे कडू घासाचं ताट सरकवलं. “खा,” म्हणाले. “माह्या नावाचं हाय. गरम हाय तोवर खा.”