भिंगरीचं उंच टेबल

सुताराच्या मुलीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, आणि नाव शोभेल अशीच होती ती. चौथीत पोचली तरी एकही पेपर तिने पुरा सोडवला नव्हता. दोन गणितं झाली की बाईसाहेबांचं लक्ष खिडकीबाहेर, नाहीतर शेजारणीच्या पट्टीवर. यंदा गणिताचा पेपर अर्धवट राहिला, तर हेच वर्ष पुन्हा, असं वर्गशिक्षिकांनी बजावलं होतं.

शाळेच्या समुपदेशक म्हणाल्या, "औषधाचं लागलंच तर पुढे बघू. आधी अभ्यासाचे लहान तुकडे करा. मध्ये मध्ये हलू द्या तिला. आणि लक्ष उडेल असं समोर काही ठेवू नका."

सुताराने सोयीचं तेवढं ऐकलं, म्हणजे शेवटचं वाक्य. अख्खा रविवार घालवून त्याने तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेलं टेबल केलं. काय ती सफाई! भिंगरीने तासाभरात आतला सनमायका नखाने सोलून काढला. सुताराने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कामाच्या जागी आली आणि पॉलिशपेपर घेऊन फळ्या घासायला लागली. उभ्यानेच. एक पाय खालच्या दांडीवर. एक फळी झाली की बाजूला, मग दुसरी. पाऊण तास पोरीने मान वर केली नाही. सुतार बघतच राहिला. पोरीत खोट नव्हतीच, टेबल चुकलं होतं. आपल्या हातचं काम चुकलं हे त्याने जन्मात पहिल्यांदा कबूल केलं, तेही मनातल्या मनात.

त्याने टेबलाच्या बाजूच्या फळ्या ठोकून काढल्या, पाय उंच केले, खाली पाय टेकायला दांडी बसवली. वहीवर ठेवायला एक पुठ्ठा घेऊन त्याला एकच गणित दिसेल एवढी खाच पाडली. पाच गणितं झाली की गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. तीन महिने रोज संध्याकाळी ती गणितं सोडवायची, तो बाजूला रंधा मारायचा.

परीक्षेला टेबल आणायचं म्हटल्यावर शिक्षिका कुरकुरल्या. "शेवटच्या रांगेमागे ठेवतो, बाई. कुणाच्या आड नाही यायचं," म्हणत सुताराने ते नेऊन ठेवलंच.

पेपर सुटला. पोरं भराभर बाहेर पडली. भिंगरीचा पत्ता नाही. अखेर ती शिक्षिकांबरोबर आली.

"शेवटचं गणित चुकलंय हो तिचं," शिक्षिका म्हणाल्या.

"शेवटचं?" सुताराचा आवाज चिरकला. "म्हणजे शेवटपर्यंत गेली?"

शिक्षिका हसल्या. "एकही सोडलं नाही."

टेबल न्यायला हातगाडी आणली होती. पण सुताराने ते डोक्यावर घेतलं, रिकामी गाडी भिंगरीकडे दिली आणि मुद्दाम भर बाजारातून घरी निघाला. कुणी विचारो न विचारो, डोळे पुसत, छाती फुगवून सांगत होता, "शेवटचं गणित चुकलं आमच्या पोरीचं!"