मामा जंगलात नाव घेत नाही

माझ्या मामाला आख्ख्या जंगलाची नावं येतात, आणि जंगलात तो त्यातलं एकही घेत नाही. मी हे घरी व्हरांड्यात बसून लिहितेय, समोर कोंबड्या माती उकरतायत आणि विल्पत्तूच्या अभयारण्याचं फाटक इथून चार मैलांवर आहे, म्हणून बिनधास्त लिहिते: हत्ती, बिबट्या, अस्वल, मगर. फाटकाच्या आत आमच्या गावातला एकही माणूस हे शब्द तोंडातून काढणार नाही. आत हत्ती म्हणजे 'थोरले'. अस्वल म्हणजे 'काळा'. साप म्हणजे 'लांबडं'. बिबट्याला तर तेवढंही नाही. नुसती हनुवटी पुढे करायची आणि म्हणायचं, 'ते आहेत.' नाव घेणं म्हणजे हाक मारणं, आणि हाक मारल्यावर तो आला तर मग तक्रार कुणाकडे करणार?

मामाचं नाव कपुरुबंडा. वय पंचेचाळीस, उंची बेताची, मिशी मात्र माणसाच्या आधी दारातून आत येणारी. एकवीस वर्षं तो फाटकावरून जीपमधून पाहुणे घेऊन आत जातोय. इंग्रजी तो पाहुण्यांकडूनच शिकला, त्यामुळे ते थोडं जर्मन आहे, थोडं डच, आणि मामा रागावला की रशियन.

एकवीस वर्षं सुरळीत गेली आणि मग नियम आला. सगळ्या श्रीलंकेत, गळ्यात बिल्ला असेल त्यानेच पाहुण्यांना फिरवायचं, देवळातही आणि जंगलातही. बिल्ल्यासाठी परीक्षा. तीन दिवसांची सहल, एका बसमध्ये सगळे उमेदवार. एकेकाने उठून बाकीच्यांना पाहुणे समजून माहिती सांगायची आणि मागे परीक्षकांनी वहीत गुण मांडायचे. पहिल्या दिवशी दंबुल्लाची लेणी, दुसऱ्या दिवशी अनुराधपूर, तिसऱ्या दिवशी विल्पत्तू. फक्त तीनदा बसता येतं. मामा दोनदा नापास झाला होता.

दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी. पहिल्यांदा परीक्षकांनी विचारलं, "हा कोणता प्राणी?" मामा म्हणाला, "थोरले." शून्य. दुसऱ्यांदा त्याने नुसती हनुवटी पुढे केली. परीक्षक म्हणाले, "नाव सांगा." मामा म्हणाला, "साहेब, तुम्हाला दिसतायत ना?" परत शून्य.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय, घ्यायचं नाव. तर त्याच्यामागे एक सरोंग, म्हणजे लुंगी, आहे.

मामा एकोणीस वर्षांचा असताना आमच्या सीयांबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर, मध काढायला गेला होता. सीया सरोंग काठावर ठेवून डोहात उतरले. मामाला तेव्हा नुकती मिशी फुटली होती आणि शहाणपणही. तो ओरडला, "अप्पा, लवकर या, नाहीतर हत्ती येईल." नाव घेऊन, स्पष्ट. आणि हत्ती आला. कुणाला काही केलं नाही बिचाऱ्याने. मधाचं मडकं फोडलं, चाटून घेतलं, सरोंग सोंडेत धरलं आणि निघून गेला. सीयांना पानं गुंडाळून घरी यावं लागलं. त्या दिवशी शाळेत मतदान होतं. सगळं गाव रस्त्याच्या कडेने रांगेत उभं.

त्यानंतर मामाने नाव घेतलं नाही, आणि सीयांनी मतदान केलं नाही.

तर तिसरी परीक्षा जवळ आली तशी आमच्या घरात रोज जेवताना सभा भरायला लागली. माझी अम्मा म्हणजे मामाची धाकटी बहीण मेणिके. तिचं बोलणं उखळात मिरची कांडल्यासारखं, प्रत्येक शब्दावर एक ठोका. मामाला ती अय्या म्हणते, म्हणजे दादा. ती म्हणाली, "अय्या, परीक्षा इंग्रजीत आहे ना? मग इंग्रजीत घे नाव. थोरल्यांना इंग्रजी कुठे कळतंय?"

सीया नाचणीची उकड माशाच्या रश्श्यात बुडवत होते. वर न बघता म्हणाले, "इंग्रजांची लाकडं कोणी ओढली? तू ओढलीस? त्यांना तुझ्या भावापेक्षा चांगलं इंग्रजी येतं."



मग माझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून वाट निघाली. त्यात प्रत्येक प्राण्याचं शास्त्रीय नाव होतं, लॅटिनमध्ये. सीयांनी विचारलं, "ही भाषा कोण बोलतं?"

"आता कुणीच नाही, सीया."

"जनावरांपैकी?"

"तेही नाही."

"मग चालेल."

आठ दिवस मामाने घर डोक्यावर घेतलं. नारळ सोलताना 'मेलुर्सुस उर्सिनुस', दात घासताना 'एलेफास माक्सिमुस' आणि वर चूळ. अम्मा म्हणायची, "मंत्र म्हणून पाऊस पाडतोयस की काय?" नवव्या दिवशी तो बिबट्यापाशी पोचला आणि ठसक्यात म्हणाला, "पांथेरा पार्दुस कोटिया."

सीयांचा घास हातातच राहिला. "परत म्हण."

मामाने परत म्हटलं, पण या वेळी आवाज अर्धा झाला होता, कारण त्यालाही ऐकू गेलं होतं. कोटिया हा आमचाच शब्द. आमच्या सिंहलीत बिबट्याला सरळ कोटियाच म्हणतात. कुणा शास्त्रज्ञाने तो उचलून लॅटिनच्या शेपटीला बांधला होता.

"एवढी मोठी भाषा," सीया म्हणाले, "आणि एक शब्द कमी पडला म्हणून आमच्याकडे आले. बरं आले ते आले, दुसरा कुठला न्यायचा होता."

सगळं जग विल्पत्तूला येतं ते बिबट्या दिसावा म्हणून. आमच्या घरातून अम्मा बोधिवृक्षाखाली जाऊन दिवे लावून आली, ते तो परीक्षेचे साडेतीन तास कुणालाही दिसू नये म्हणून.

पुढचं सगळं मला दोघांकडून कळलं. मामाने सांगितलं चार वाक्यांत, आणि सुजितने चार दिवस. सुजित म्हणजे जीपचा ड्रायव्हर, आमच्या शेजारचाच. तो प्रत्येक गोष्ट गिअर बदलत सांगतो.

या वेळच्या परीक्षक होत्या हलंगोड मॅडम. बारीक चणीच्या, पांढरी साडी, छत्री मिटलेली आणि तोंडही. सुजित म्हणतो, त्यांच्या बोलण्यातला पूर्णविराम ऐकू येतो. दंबुल्लाला मामाने चांगलं केलं. बाकीच्यांनी लेण्यांतल्या चित्रांची शतकं सांगितली. मामाने सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि वर बघायला लावलं. खडकाला जिथे खळगा आहे तिथे चितारणाऱ्याने कापडाची चूण कशी काढलीय ते दाखवलं. "त्याने खडक सरळ केला नाही, मॅडम. कापड वाकडं केलं." मॅडमनी काहीतरी लिहिलं.

अनुराधपूरला तर मामाने धमाल उडवली. उमेदवारांत एक कोलंबोचा टायवाला मुलगा होता. त्याने राजांची यादी सनावळीसकट घडाघडा म्हटली. मामा उठला आणि म्हणाला, "आमच्याकडे राजे दोनच प्रकारचे. एक, ज्याचं तळं अजून भरतं. दोन, ज्याचं तळं गळतं. भरणाऱ्याला आम्ही नावाने ओळखतो. गळणाऱ्याला शिवी देतो, दर उन्हाळ्यात." मग त्याने एकेका तळ्यावर एकेक राजा उभा केला, आणि कोणाच्या बांधावर आज कोणाची म्हैस चरते तेही सांगितलं. मॅडम हसल्या. छत्रीवर हनुवटी टेकवून, आवाज न करता, पण हसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला जीप फाटकातून आत गेली. मामा पुढे सुजितच्या शेजारी, मागे मॅडम आणि टायवाला. आत जाताच मामाने आवाज खाली आणला. पाणथळीजवळ थोरले दिसले. मॅडमनी भुवई उंचावली. "एलेफास माक्सिमुस," मामा म्हणाला. टायवाला चरकून वहीत बघायला लागला. पुढे काळा, झाडाखाली बसून वारूळ उकरत. "मेलुर्सुस उर्सिनुस." मॅडमचं पेन चालत होतं. सुजित म्हणतो, मामाची मिशी तेव्हा इंचभर वर गेली होती.

पाच वाजता परत फिरले. अजून 'ते' दिसले नव्हते. सुजितने मामाकडे बघून हळूच अंगठा वर केला. आणि वळण घेतलं तर लाल मातीच्या रस्त्यावर, मधोमध, आपल्या घरचा रस्ता असल्यासारखी ती पसरलेली. जीपपासून वीस पावलांवर.

सुजितने इंजिन बंद केलं. टायवाला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून "लेप—" एवढंच निघालं, कारण मामाने मागे वळून त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. हाताला दुपारच्या सुकटीचा वास होता, म्हणून तो लगेच बसलाही.

मॅडम कुजबुजल्या, "मिस्टर बंडा. सांगा."

"पोट बघा, मॅडम. सकाळीच खाल्लंय. आपल्यात तिला रस नाही. कान बघा, डावीकडे वळलेत. तिथे त्या झुडपात दोन आहेत, लहान. ती उठेपर्यंत आपण हलायचं नाही. आपण पुढे गेलो तर मध्ये येऊ."

बारा मिनिटं कुणी हललं नाही. मग डाव्या झुडपातून एक पिल्लू आलं, आणि मग दुसरं, पहिल्याच्या शेपटीला लोंबकळत. आई उठली, आळस दिला, जीपकडे एकदा बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तिघं पलीकडे उतरली. रस्त्यावर नुसती मऊ माती उरली.

"छान," मॅडम म्हणाल्या. पूर्णविराम. "नाव?"

मामाने मातीतल्या पंजांकडे हनुवटी केली.

"शास्त्रीय नाव सांगा. बाकीची सांगितलीत. तीन शब्द आहेत."

"पांथेरा पार्दुस," मामा म्हणाला, आणि थांबला.

"तिसरा?"

"फाटकाबाहेर सांगतो, मॅडम."

"परीक्षा फाटकापर्यंत आहे. तसं छापलेलं आहे. या एका नावाला दहा गुण आहेत, आणि तुम्हाला सात कमी पडतायत."

"मॅडम," मामा म्हणाला, "मघाशी ती समोर होती तेव्हा तुम्हीसुद्धा नाव घेतलं नाहीत."

"मी परीक्षक आहे. मी प्रश्न विचारते."

 सुजितने जीप शक्य तितकी हळू चालवली, जसं काही रस्ता वाढेल. मामा समोर बघत बसला. एकवीस वर्षं एका बाजूला आणि एक शब्द एका बाजूला. ओठ दोनदा उघडले म्हणे. दोन्ही वेळा नुसता वारा.

फाटक दिसलं. सहा वाजायला पाच कमी होते आणि फाटकावरचा माणूस बांबू खाली घ्यायला दोरी धरून उभा होता. जीपचं नाक बांबूखालून बाहेर गेलं. आणि मॅडमनी छत्रीचं टोक सुजितच्या खांद्यावर टेकवलं.

"थांबा."

सुजितने ब्रेक दाबला. पुढची चाकं बाहेर, मागची आत.

"मिस्टर बंडा, तुम्ही कुठे आहात?"

मामाने खाली वाकून बघितलं. "फाटकाबाहेर, मॅडम."

"आणि मी?"

मामाने मागे बघितलं. बांबू बरोबर त्याच्या आणि मॅडमच्या मध्ये, वर लटकत होता. "आत."

"म्हणजे माझी परीक्षा चालू आहे आणि तुमचं जंगल संपलंय." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

फाटकवाला म्हणाला, "बाई, मला बांबू खाली घ्यायचाय."

"घ्याल हो," मॅडम म्हणाल्या.

मामा जीपमध्ये उभा राहिला. बाहेरच्या रस्त्याकडे, चहाच्या टपरीकडे, एका झोपलेल्या कुत्र्याकडे तोंड केलं आणि पाहुण्यांना ऐकवायच्या त्या खास आवाजात म्हणाला, "पांथेरा पार्दुस कोटिया." कुत्रं उठलं. टायवाल्याने टाळी वाजवली आणि मॅडमकडे बघून थांबवली.

मॅडमनी दहा लिहिले. मग जीप पूर्ण बाहेर आल्यावर, रस्त्याला लागल्यावर, छत्री उघडमीट करत हळूच म्हणाल्या, "माझी आई माहोच्या रानातली. आमच्याकडे त्याला 'दाजी' म्हणतात."

घरी मामाने हे सांगितलं तेव्हा अम्माने नारळाच्या दुधातला भात थापला. सीयांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऐकणारी बाई आत होती?"

"मागची सीट आत होती, अप्पा."

"हं," सीया म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ आम्हाला महिनाभर कळला नाही.

आता मामाच्या गळ्यात बिल्ला आहे आणि तो पाहुण्यांना लेण्यांपासून तळ्यांपर्यंत सगळीकडे फिरवतो. जंगलात अजूनही थोरले, काळा, लांबडं. पाहुणे वैतागतात, विचारतात, मामा म्हणतो, "फाटकावर." आणि फाटकावर तो जीप थांबवायला लावतो, पुढची चाकं बाहेर, मागची आत, उभा राहतो आणि दिवसभरात दिसलेल्या सगळ्यांची नावं एका दमात म्हणतो, तीन भाषांत. पाहुण्यांना हे देवळांपेक्षा जास्त आवडतं. फाटकवाल्याला अजिबात आवडत नाही.

गेल्या आठवड्यात सीया स्वतः काठी टेकत फाटकावर गेले. जीप आली, थांबली. मामा उभा राहून छाती भरून घेत होता तेवढ्यात सीया मागे गेले, वाकले आणि मागच्या टायरला काठी लावली.

"हे आत आहे," ते म्हणाले.

"अप्पा, परीक्षेत असंच—"

"तुझी परीक्षा झाली. आतले ऐकतात. पुढे घे."

सुजितने जीप पुढे घेतली. सीयांनी परत काठी लावली. "अजून हातभर." मागच्या सीटवरची दोन म्हातारी डच माणसं हा काहीतरी विधी आहे असं समजून फोटो काढत होती. जीप आणखी हातभर पुढे आली. सीयांनी टायरवर काठी आपटली, बाजूला झाले, आणि दुसऱ्या हाताने सरोंगची गाठ घट्ट धरून मामाला म्हणाले, "हां. आता घे."