चपला बाहेर काढाव्यात

बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम वर्ष उलटलं तरी भरत नव्हती. मधुमेह जुना, पावलांतली जाणीव कधीच गेलेली. डॉक्टर टाचणी टोचून बघायचे तेव्हा बाबा म्हणायचे, "टोचून झालं की सांगा." पाय राहतो की जातो, घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता.

मी नुकतीच हिंजवडीत नोकरीला लागले होते. दिवसभर कुठल्याशा परदेशी बँकेचे प्रोग्रॅम लिहायचे, बसमध्ये झोपायचं, घरी येऊन जेवायचं. शनिवारी सुट्टी, म्हणून स्कूटरवर बाबांना शनिवार पेठेतल्या दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे. "आधीच शनिवार, त्यात शनिवार पेठ. साडेसाती आणखी काय वेगळी असते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तिथे दोन मलमांची चाचणी चालली होती. एक नेहमीचं, एक नवं, चांदी घातलेलं. कोणाला कोणतं मिळतंय ते ना पेशंटला ठाऊक, ना तिथल्या डॉक्टरीणबाईंना. दर वेळी त्या पट्टी सोडायच्या आणि जखमेतला ओलावा कापसाच्या काडीवर टिपून तपासणीला पाठवायच्या. त्यातून जंतू वाढतात का ते बघायचं. उन्हाळ्यापर्यंत वाढेनासे झाले. जखमेच्या कडा जवळ आल्या. "काका, पाय राहतोय बरं का," बाई म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. मी घड्याळ पाहिलं.

त्यांनीच बाबांना जाड, मऊ तळाची चप्पल करून घ्यायला लावली होती. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, अशी ताकीद. स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे आईच्या जिवावर आलं, पण तिने तेही चालवून घेतलं. आणि त्याच दवाखान्याच्या फाटकावर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात. कारणे विचारू नयेत.' आत उघडं अंगण, शहाबादी फरशी आणि तिथेच रांग. काय म्हणावं या शहाणपणाला! पायाच्या जखमांचा दवाखाना, आणि पाय उघडे करून उन्हात उभं करायचं. इतकी शिकलेली माणसं ये-जा करत होती, कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही.

मे महिन्यात मी स्कूटर लावून आत यायचे ती उड्या मारतच. बाकीचेही पुटपुटत सावलीकडे सरकायचे. बाबा मात्र रांगेत ताठ उभे. "नंबर सोडायचा नसतो," म्हणायचे.

एका सकाळी आईला चादरीवर ओला डाग दिसला. त्याच पायाच्या टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता. टाच काळी पडली, ताप चढला, आणि मग सगळं भराभर झालं. गुडघ्याखालून पाय काढला. बाई भेटायला आल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "अंगठ्याची जखम अगदी स्वच्छ होती हो." मी "हो" म्हटलं. संताप यायला हवा होता, तोही आला नाही. सोमवारी कामावर गेले.

चाचणीची शेवटची भेट राहिली होती, तिला ऑक्टोबरात गेलो. ऊन मेसारखंच. फाटकाशी बाबा कुबड्यांवर थांबले, माझ्या खांद्यावर भार दिला आणि डाव्या पायातली चप्पल काढून भिंतीशी नीट लावून ठेवली.

"अहो बाबा, काय करताय?"

"पाटी वाचता येते मला."

त्या पायालाही काही कळत नव्हतं. मी वाकून फरशीला हात लावला. चटका बसला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला रडू फुटलं. तशीच खाली बसून मी ती चप्पल ओढली आणि त्यांच्या पायात परत घातली.

"अगं, पाटी वाच."

"वाचली," मी म्हटलं आणि पट्टा घट्ट आवळला.