लेकीचा शेवटचा नंबर

बस डेपोत चालकांच्या पाळ्या लावणारा माणूस रविवारी मुलांना बेसबॉल शिकवू लागला, तेव्हा त्याने सरावाचंही वेळापत्रक केलं यात नवल नव्हतं. दहा मिनिटं धावणं, पंधरा मिनिटं झेल, मग फलंदाजी. एक मिनिट रिकामं नाही. अर्थात त्याचं स्वतःचं. तो एकाला चेंडू टाकायचा आणि बाकीची अकरा मुलं मैदानात उभी राहून गवताचा अभ्यास करायची. मुलं त्याला ‘टाइमटेबल काका’ म्हणत. त्याला ती शाबासकी वाटे.

त्या बारांत त्याची लेकही होती. बापाने पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून फलंदाजीत तिचा नंबर त्याने कायम शेवटचा ठेवला. तिच्यापर्यंत वेळ क्वचितच पुरे. शिट्टी मात्र ठरल्या मिनिटाला वाजे. तुला काय, घरी टाकतो की चेंडू, असं तो परतताना सांगे. घरी जेवण असे, मग डुलकी, मग सोमवारच्या पाळ्या.

चार वर्षांनी तिने यायचं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही. हल्लीच्या मुलांत चिकाटीच नाही, अशी तक्रार त्याने बायकोकडे केली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चार वर्षं रांगेत उभी होती ती. अजून किती चिकाटी हवी तुम्हाला?”

त्या दुपारी डुलकी झाली नाही. त्याने नवा कागद घेतला. मुलांचे तीन गट. एक फलंदाजीला, एक झेलांना, एक धावायला. दर बारा मिनिटांनी अदलाबदल, मदतीला दोन पालक. अगदी साधी गोष्ट होती. एका बससाठी अकरा बस उभ्या ठेवल्या असत्या, तर डेपोने त्याला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. पालकांनी तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा तो बुटाची नाडी बांधत बसला.

एका रविवारी त्याने लेकीला मैदानावर बोलावलं. सगळे गेल्यावर तिच्या हाती बॅट दिली. कुणाच्या घरी आग्रहाचा दुसरा चहा घ्यावा, तसे तिने दहा चेंडू खेळून घेतले. दोन लागले, एक तर चांगलाच लांब गेला. तो खूश होऊन पाय कुठे ठेवायचा ते सांगू लागला.

तिने सगळं ऐकून घेतलं, बॅट परत दिली आणि हळूच विचारलं, “झालं ना, बाबा?”

“झालं,” तो म्हणाला, आणि लांब गेलेला चेंडू आणायला निघाला.